इलेक्ट्रिक गिटारचा सेटअप घरच्या घरी शिकता येतो का?

आपण साताऱ्यात राहता, आपल्या गिटारच्या तारा काही पडद्यांवर (फ्रेटवर) झणझणतात, बाराव्या पडद्याच्या पुढे सूर चढे लागतात, आणि दर वेळी पुण्याला जाण्यापेक्षा सेटअपचे, म्हणजे गिटारची मान, तारांची उंची आणि सूर नीट बसवण्याचे, हे काम स्वतः शिकता येईल का, असे आपण विचारले आहे. अवश्य शिकता येईल. मी सांगलीत राहतो आणि माझ्या दोन्ही गिटारांचा सेटअप अनेक वर्षे स्वतःच करत आलो आहे.

हत्यारे फार लागत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, ट्यूनर, छोटा स्क्रूड्रायव्हर, ॲलन की (षटकोनी टोकाच्या किल्ल्या) आणि मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारे फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) एवढे पुरे. ॲलन की मात्र इंची आणि मिलिमीटर अशा दोन्ही मापांच्या घ्याव्यात. माझ्या पहिल्या गिटारच्या ट्रस रॉडमध्ये, म्हणजे नेकच्या (मानेच्या) आत बसवलेल्या आणि तिचा बाक कमी-जास्त करणाऱ्या धातूच्या सळईत, मी किंचित सैल बसणारी की घालून जोर लावला, त्याच्या तोंडाचे कोपरे झिजले, आणि दुरुस्तीला जवळजवळ गिटारच्या किमतीएवढा खर्च आला. की घट्ट बसल्याशिवाय ती फिरवू नये.

कामाचा क्रम बदलू नये. नव्या तारा चढवून सुरात लावाव्यात, मग नेक, मग तारांची उंची, आणि सर्वांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे पडद्यांवर सूर बरोबर लागतो की नाही ते, पाहावे. कारण नेक हलली की उंची बदलते आणि उंची बदलली की सूर बदलतो. नेक तपासण्यासाठी सहावी (सर्वांत जाड) तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी, म्हणजे ती तारच सरळ पट्टीचे काम करते. आता सातव्या-आठव्या पडद्याचा माथा आणि तार यांच्यामध्ये फिलर गेजचे 0.25 मिमीचे पाते सरकवून पाहावे. पाते आत जाताना तार जेमतेम थरथरली तर नेक योग्य आहे, तार वर उचलली गेली तर फट कमी आहे, आणि पाते न टेकता आरपार गेले तर ती जास्त आहे. फट जास्त असल्यास रॉड घड्याळाच्या दिशेने आवळावा, कमी असल्यास सैल करावा. पण एका वेळी पाव फेऱ्याहून कमीच, आणि नंतर तारा पुन्हा सुरात लावून लाकडाला काही तास द्यावेत. तारा खाली आणण्यासाठी अनेक जण रॉडच आवळत सुटतात, ते मला अजिबात पटत नाही. उंचीसाठी ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा ज्यांवर टेकतात ते छोटे तुकडे, आहेत. बाराव्या पडद्यावर सहावी तार सुमारे 2 मिमी आणि पहिली (सर्वांत बारीक) तार 1.5 मिमी उंच ठेवून सुरुवात करावी. हात जोरकस असेल तर थोडी वाढवावी.

झणझण कुठे होते ते आधी नीट ऐकावे. ती फक्त मोकळ्या तारेवर असेल तर नटाची (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिची) खाच खोल गेलेली असते, पहिल्या चार-पाच पडद्यांवर असेल तर बहुधा नेक फार सरळ झालेली असते, बाराव्याच्या पुढे असेल तर तारा फार खाली असतात, आणि एकाच जागी असेल तर पुढचा एखादा पडदा उचललेला असतो.

चढ्या सुरांचे कारण समजून घ्यायला आपल्याकडची सतार उपयोगी पडते. मिरजेच्या ज्या सतारीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, म्हणून वादक बेसूर पडदा बोटाने सरकवून घेतो. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले असल्यामुळे ते हलत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक तारेचे सॅडल मागेपुढे करून तारेची लांबी बदलावी लागते. तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर थोडा चढतो, तेवढी भरपाई या लांबीतून करायची असते. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता तिला बोट हलकेच टेकवून काढलेला सूर) आणि त्याच पडद्यावर दाबून काढलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नेकपासून दूर न्यावे. उतरलेला असेल तर पुढे आणावे. प्रत्येक बदलानंतर तार पुन्हा सुरात लावूनच मोजावे. तारा जुन्या असतील तर हे माप कधीच स्थिर येत नाही.

पिकअप, म्हणजे तारांखालचे आवाज टिपणारे चुंबकी भाग, तारांच्या फार जवळ असू नयेत, कारण चुंबक तारेला ओढतो आणि सूर डगमगतो. शेवटचा पडदा दाबून सुमारे 2 ते 2.5 मिमी अंतर ठेवावे.

नटाच्या खाचा आणि पडदे यांना मात्र कानस लावू नका. रॉड आणि सॅडल चुकले तर परत फिरवता येतात, कानशीने घासून गेलेला भाग परत येत नाही, तेवढ्या कामासाठी पुण्याची फेरी करावी. आणि आपल्या साताऱ्याचा पाऊस सांगलीपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे आणि हवेतल्या ओलाव्याने लाकूड हलत असल्यामुळे जूनच्या अखेरीस एकदा आणि उन्हाळ्यात मार्चनंतर एकदा नेकमधली ती फट पुन्हा मोजा, आणि आलेले आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा.