रकाने तपासून कोणाचं भलं होतंय?

ती साथरोगशास्त्र शिकलेली, कर्करोग नोंदणीतली, म्हणजे एखाद्या भागातल्या कर्करुग्णांच्या निदानाच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेतली, पहिलीच नोकरी. (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) म्हणाली, "बरोबरीचे लोक लसीकरणाला, साथीच्या कामाला जातात. मी जुन्या निदानांचे रकाने तपासते. त्यातून एक तरी पेशंट वाचतो का? शिवाय माझं स्टॅटिस्टिक्स कच्चं. चुकीच्या जागी आले बहुतेक."

मार्गदर्शनासाठी येणाऱ्या नव्या संशोधकांकडून मला हे वरचेवर ऐकायला मिळतं. "छान काम आहे हो तुमचं" म्हणून भागत नाही. ते घरच्यांनी आधीच सांगून झालेलं असतं. मी विचारलं, "अलीकडे कामात कशावर चिडलात?"

उत्तर तयारच होतं. निदानाच्या वेळी आजार कितव्या टप्प्यात होता, या रकान्यात 'अज्ञात' असलेल्या नोंदी गाळून तक्ता करायला तिला सांगितलं होतं. तिने पाहिलं, तर गरीब वस्त्यांमध्ये 'अज्ञात' जास्त. म्हणजे ज्यांच्या तपासण्याच अर्धवट राहिल्या असतील, तेच तक्त्याबाहेर! बोलताना तिचा आवाज चढला होता. आरोग्यातल्या विषमतेवर काम करायचंय म्हणून ती दुसरीकडे अर्ज करत होती, आणि विषय तिच्याच टेबलावर पडलेला.

मग तिनेच मला समजावलं. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा थोडं कमी, पण त्याने होणाऱ्या मृत्यूंचा दर सुमारे ४० टक्के जास्त. एकेक पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरला हे कसं दिसणार? १९७३ पासून चालू असलेल्या 'सीअर' या अमेरिकेतल्या सरकारी कर्करोग नोंदणीसारख्या नोंदणीचे आणि मृत्यूच्या दाखल्यांचे आकडे शेजारी ठेवले, की दिसतं. पेशंट कसा वाचतो, या स्वतःच्याच प्रश्नाचं अर्धं उत्तर तिने देऊन टाकलं होतं; मी फक्त ते लक्षात आणून दिलं.

स्टॅटिस्टिक्सची भीती मी मुद्दाम वेगळी काढली. ते कौशल्य आहे, शिकता येतं; त्यावरून क्षेत्र चुकलं असं ठरत नाही. आणि राजीनाम्याआधी एक काम सुचवलं: केसपेपरवरून नोंदी करणाऱ्या सहकाऱ्यांशेजारी बसून 'अज्ञात' कसं पडतं ते बघा.

ती बसली. बायोप्सी एका रुग्णालयात, उपचार दुसऱ्याच; मधले कागद पोहोचलेच नव्हते. काहींचा स्कॅनच झाला नव्हता. दोन्हींपुढे शेरा तोच.

या कारणांवर तिने एक पानी प्रस्ताव दिला. वरिष्ठांनी होकार दिला, पण नेहमीचं काम सांभाळून. त्यावर तिची कुरकुर चालू आहे, आणि ती रास्त आहे. वेळ कसा मागून घ्यायचा, ते पुढच्या भेटीत बोलू.