अल्बम यायच्या आधी गाण्यांची यादी का बदलते? आधी जाहीर केलेलं गाणं काढणं ही फसवणूक नाही का?

चाहत्यांचं सोडा हो, ज्याने चाल लावली त्याला कोण विचारतं?

सोलापुरात कॅसेटच्या काळात आम्ही चार पोरांनी पॉप अल्बम केलता, कीबोर्ड माझा, दोन चाली माझ्या. माझं गाणं ए साइडला पहिलं होतं. मग गायक, म्हणजे माझा मावसभाऊच, म्हणाला सुरुवात फास्ट पाहिजे, म्हणून ते गेलं बी साइडला शेवटी. मग कंपनीवाल्याने हिशोब काढला, ए २४ मिनिटं, बी ३०, म्हणजे ए साइडला सहा मिनिटं कोरी टेप, प्रत्येक कॅसेटमागे फुकट. उडवलं शेवटचं. पण इनले कार्ड, म्हणजे कॅसेटच्या डबीतलं गाण्यांच्या यादीचं कार्ड, आधीच छापून आलेलं! वर गाणी आठ, आत सात. गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, स्टॉल लावला तर लोक परत येऊन विचारायचे, "काय बे, आठवं कुठंय?" शेवटी भाऊ मार्कर घेऊन एकेका कार्डावर आठवी ओळ खोडत बसला, माझ्या नावासकट.

मोठ्यांचंही तेच असतं. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मधून (१९८२) 'कॅरोसेल' काढून 'ह्यूमन नेचर' घातलं, आणि एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला जास्त मिनिटं कोंबली की आवाज पडतो म्हणून बाकीची गाणीपण छाटली. आता टेप गेली तर सॅम्पलची, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यातून उचललेल्या तुकड्याची, परवानगी अडते, नाहीतर पाहुण्या गायकाची कंपनी अडवते. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय प्ले धरत नाहीत, मग हमखास चालणारं गाणं वर. रॅपर कान्ये वेस्टने तर २०१६ ला 'द लाइफ ऑफ पाब्लो' अल्बम रिलीज झाल्यावरसुद्धा बदलाबदली केली.

स्वतः अल्बम करत असाल तर कुठलं गाणं राहणार ते लेखी घ्या, आणि गायक नात्यातला असेल तर आधी घ्या. आमचे बंधू अजून लग्नकार्यात सांगतात की ते गाणं स्लो होतं म्हणून काढलं. स्लो नव्हतं, लांब होतं! मधलं म्युझिक कापून साडेचार मिनिटांत बसवतो म्हणालो होतो मी, आणि त्याच साइडला ह्यांचा दीड मिनिटाचा आलाप होता, तो कमी केला असता तर हिशोब तिथंच जमत होता. त्याला कोण हात लावणार?

बाकी फसवणूक वगैरे नाही म्हणता येणार, यादी म्हणजे काय करार नसतो. प्रीऑर्डरचे पैसे आधीच घेतले असतील तर मात्र भांडा.