संत्र्यावर पट्टे पडून राहिले, मेश पॉइंट कसे आवरू?

प्रश्न : भाऊ, मी नागपूरच्या महाल भागात राहते, घरूनच डिझाइनची कामं करते. काटोलच्या एका बागवाल्या काकांनी संत्र्याच्या पेटीसाठी लेबल मागितलंय, फोटो नको, काढलेलंच संत्रं पाहिजे म्हणे. इलस्ट्रेटर या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडियंट मेश, म्हणजे रंग एकमेकांत मिसळायची जाळी, लावून राहिली तर उजेडासाठी जाळीवर रंगाचा पॉइंट टाकला की तिथे पट्टाच पडतो, सरकवला तर बाजूचा रंगही ओढला जातो, मग ते मऊ करायला आणखी पॉइंट टाकते अन् संत्रं ठेचल्यासारखं दिसतं. पन्नासच्या वर पॉइंट झाले आता. काहून होऊन राहिलं असं?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, पट्टा त्या पन्नास पॉइंटमुळेच पडतोय. मेशमध्ये रंग एका पॉइंटपासून शेजारच्या पॉइंटपर्यंत हळूहळू बदलत जातो, म्हणजे दोन पॉइंट अगदी जवळ आणि त्यांचे रंग वेगळे असले की बदलायला जागाच उरत नाही अन् कडक रेघ दिसते. तुम्ही मऊ करायला म्हणून जे पॉइंट टाकले त्यांनी जागा आणखीच कमी केली.

ही फाइल बाजूला ठेवा आणि नवीन गोल घ्या, ऑब्जेक्ट मेनूतून क्रिएट ग्रेडियंट मेश, ४ रो, ४ कॉलम, अपिअरन्स फ्लॅट. संत्र्याला एवढं खूप झालं. पुढे कधी पॉइंट वाढवायचाच असेल तर मोकळ्या जागेत क्लिक करू नका, तिथे आडवी-उभी दोन्ही रेघ तयार होते आणि त्या पूर्ण आकारातून जातात, आधीच्या रेघेवर क्लिक केलं तर एकच नवीन रेघ येते. शिफ्ट दाबून क्लिक केलं तर नवीन पॉइंट चालू फिल कलर (भरायला निवडलेला रंग) घेत नाही, आहे तोच रंग राहतो. नको असलेला पॉइंट मेश टूलनेच ऑल्ट दाबून क्लिक करून काढा.

आता सरकवण्याचं. पॉइंट सरकवला की रंग सोबत जाणारच, म्हणून आधी हँडलला, म्हणजे पॉइंटमधून निघणाऱ्या ओढायच्या दांड्यांना, हात घाला. डायरेक्ट सिलेक्शन टूलने पॉइंट निवडला की चार बाजूंना हँडल दिसतात, हँडल लांब केलं की रंग त्या बाजूला दूरपर्यंत पसरतो, आखूड केलं की पॉइंटजवळच थांबतो. उजेडाची कड मऊ करायची ती अशी, नवीन पॉइंट न टाकता. फक्त शेजारच्या पॉइंटची हँडलं एकमेकांना ओलांडू देऊ नका, मेश स्वतःवरच दुमडते आणि घडी पडल्यासारखा डाग येतो, तुमचं ठेचलेलं संत्रं बहुतेक तेच आहे. पॉइंट हलवावाच लागला तर मेश टूलने शिफ्ट धरून ओढा, तो आपल्या रेघेवरूनच सरकतो, बाकी जाळी बिघडत नाही.

रंग भरताना मात्र संगणकाआधी खिडकीत एक खरं संत्रं ठेवा ही माझी आग्रहाची विनंती. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पेटीवर मोसंबीसारखा गुळगुळीत गोळा काढला तर बागवाले काका लगेच ओळखतील. आपल्या संत्र्याची साल सैल असते, देठाकडे थोडी वर उचललेली, आणि सालीवर तेलाचे बारीक ठिपके असल्यामुळे उजेड काचेसारखा चमकत नाही, पसरट पडतो. म्हणून पांढरा रंग नकोच, फिकट पिवळसर घ्या, आणि सावलीत काळा न घालता मजेंटा (छपाईतला गडद गुलाबी) वाढवा, काळ्याने फळ शिळं दिसतं. लॅसो टूलने सावलीकडच्या पॉइंटना घेरून एकदम निवडा अन् आयड्रॉपर या रंग उचलायच्या टूलने एकाच वेळी रंग द्या, एकेक करत बसलात तर छटा जुळत नाहीत. ठिपके मेशमध्ये काढायला जाऊ नका, वरच्या लेयरवर वेगळे टाका.

डॉक्युमेंट सुरुवातीपासून सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीतच ठेवा, आरजीबी या स्क्रीनच्या रंगपद्धतीतला भडक केशरी छपाईत मळकट होतो. आणि साधा गोल एक कॉपी करून ठेवा, कारण मेश झालं की परत पाथ, म्हणजे साधा रेघेचा आकार, होत नाही. कॉपी ठेवायची राहिली असेल तर मेश निवडून ऑफसेट पाथला शून्य आकडा द्या, बाहेरची कड वेगळी मिळते, डायकटसाठी, म्हणजे लेबल आकारात कापायला, तीच छापखान्यात देता येईल.