तांदळावरचा कर आणि उणे १.४ ची लवचिकता

१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या सीलबंद, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी लागला. त्याचा पुण्यातल्या घरांवर किती भार पडतो, हे तुम्ही घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणावरून काढताय आणि मागणीची लवचिकता, म्हणजे भाव एक टक्का चढला की खरेदी किती टक्के बदलते तो आकडा, उणे १.४ येतेय. हा आकडा मला पटत नाही. भाव दहा टक्के चढला म्हणून कुठलं घर चौदा टक्के भात कमी खातं?

मॉडेल बदलू नका, आधी किंमत तपासा. सर्वेक्षणातले रुपये भागिले किलो करून आलेला दर म्हणजे दुकानातला भाव नव्हे. एका घरी इंद्रायणी येतो, शेजारी कोलम, तिसरीकडे आंबेमोहोर. त्या दरात ऐपत मिसळलेली असते. भाव चढला की लोक हलका तांदूळ घेतात, म्हणून हा दर भावाइतका चढत नाही आणि लवचिकता फुगते. शिवाय कुणी किलो कमी सांगितले की दर आपोआप जास्त निघतो. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी यावर काढलेली रीत महाराष्ट्राच्या आकडेवारीवरही वापरली गेली आहे: एका गावात किंवा वस्तीत त्या सुमाराचा भाव एकच धरायचा, तिथल्या घराघरांतल्या फरकातून दर्जा आणि चुका वेगळ्या काढायच्या, आणि भावाचा परिणाम गावागावांतल्या फरकातून मोजायचा.

पण तुमच्या प्रश्नाला त्याची गरज किती, हेही बघा. महिन्याचा खर्च २०,००० रुपये आणि त्यात तांदूळ ४ टक्के, असं घर धरू. कर पूर्ण भावात उतरला तर भार ४० रुपये. लोक खरेदी बदलतात म्हणून त्यातून वजा होतात, लवचिकता उणे ०.५ असेल तर ५० पैसे, उणे १.४ असेल तर १ रुपया ४० पैसे. बस. सगळा जीव खर्चातल्या वाट्यात आहे, तेव्हा गरीब ते श्रीमंत अशा दहा गटांत तो वाटा नीट मांडा. लवचिकता लागेल ती करातून सरकारला किती मिळेल आणि घरात किती उष्मांक कमी होतील, हे विचाराल तेव्हा.

रेशनचा तांदूळ मात्र रुपये भागिले किलोच्या दरात अजिबात मिसळू नका. जानेवारी २०२३ पासून तो मोफत आहे. रेशनच्या वर लागणारा तांदूळ जे घर बाजारातून घेतं, त्याचा निर्णय बाजारभावावर ठरतो. रेशन त्याच्यासाठी उत्पन्नासारखं आहे. आणि सर्वेक्षण ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ मधलं, म्हणजे सगळं कर लागल्यानंतरचं. त्यात करापूर्वीची आणि नंतरची तुलना शोधू नका, ती सापडणार नाही.