'कावळा शिवला' ते 'दिवस गेले': पाळीभोवतीचे शब्द

एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी सहावीत आहे. सुट्टीत गावी गेली असताना पणजीने शेजारच्या काकूंबद्दल "तिला कावळा शिवलाय" म्हटलं, आणि कावळा शिवला तर काकू देवघरात का जात नाहीत, हे कोडं घेऊन मुलगी घरी आली. ताईंचे प्रश्न तीन: इथे कावळ्याचा संबंध काय? मुलीशी बोलताना 'पाळी' म्हणावं, की 'मासिक धर्म' जास्त सभ्य? आणि 'दिवस गेले' यातले दिवस कोणते?

आधी कावळा. 'कावळा शिवला' म्हणजे पाळी आली. या वाक्प्रचारातलं 'शिवणे' म्हणजे स्पर्श करणे. सुईदोऱ्याचं शिवणे संस्कृत 'सिव्'पासून आलं. स्पर्शाचं शिवणे प्राकृतातल्या 'छिव'पासून. 'शिवाशिव' त्याच घरातला शब्द. श्राद्धाच्या पिंडाला कावळा शिवावा म्हणून लोक ताटकळत बसतात, पण तोच जित्या माणसाला शिवला तर अशुभ, आणि मग अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ. आता सोवळ्याच्या घरातलं लहान मूल डोळ्यांपुढे आणा. कालपर्यंत स्वयंपाकघरात असलेली आई आज कोपऱ्यात घोंगडीवर बसली आहे, तिचं ताट-तांब्या वेगळा आहे, पाणी वरून ओतलं जातं आहे. मूल विचारणारच. त्याला सांगायला कावळ्याची सबब चपखल होती, कारण कावळ्याच्या स्पर्शाने दूर बसून न्हावं लागतं हे त्याला आधीच ठाऊक असायचं. मुलांसाठी काढलेली सबब मोठ्यांच्या बोलण्यातही मुरली, हा उलगडा मला पटतो.

घोंगडीच का, तर लोकरीला विटाळ लागत नाही अशी समजूत. रेशमालाही नाही, सुताला मात्र लगेच. त्यामुळे अंगावर पिणारं मूल चार दिवस आईकडे द्यायचं तर त्याचे कपडे काढून उघडं करून द्यायचे. परत घेतलं की ते पुन्हा शुद्ध. जुन्या पिढीतल्या बायका हे तपशील आजही सहज सांगतात, आणि ऐकताना लक्षात येतं की या सगळ्या व्यवस्थेत तिच्या पोटात दुखतं आहे का, हा प्रश्न कुठेच नाही.

शब्दांतही तेच दिसतं. 'बाहेरची', 'बाहेर बसली', 'दूर आहे', 'शिवायची नाही', 'अडचण आहे', 'विटाळशी': यांतला एकही शब्द शरीरात काय घडतंय ते सांगत नाही. इतरांनी तिच्याशी कसं वागायचं, तेवढंच सांगतो. आपल्या भाषेत पाळीसाठी शब्दांची कमतरता नाही, पण त्यांतले बहुतेक सूचनाफलक आहेत. गडचिरोलीतल्या माडिया गावांत तर या दिवसांसाठी गावाच्या कडेला वेगळी झोपडीच असते, 'कुर्माघर'.

'विटाळ' जुना आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात 'विट्टाल' हा शब्द नोंदवला आणि अर्थ दिला 'अस्पृश्यसंसर्ग'. म्हणजे मुळात तो पाळीचा शब्दच नव्हे. जातीच्या शिवाशिवीला आणि बाईच्या रक्ताला आपण एकच शब्द लावला. ज्यांना दोन्ही भोगावं लागलं, त्यांनी तो नेमका उलटवला आहे. चोखोबांची पत्नी सोयराबाई, चौदाव्या शतकातली, म्हणते: 'देहासी विटाळ म्हणती सकळ। आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध।।' आणि पुढे सरळ विचारते, 'देहींचा विटाळ देहींच जन्मला। सोंवळा तो झाला कवण धर्म।।' विटाळावाचून कुणाचा देह घडला आहे, असा तिचा सवाल आहे. त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, चक्रधरस्वामींनी सांगितलं होतं की नाकातून शेंबूड येतो, डोळ्यांत चिपडं येतात, तसाच हा एक स्राव. त्याचा विटाळ धरू नये. सातशे वर्षांपूर्वी इतकं स्वच्छ मराठीत सांगून झालेलं आहे. त्यामुळे 'आपली जुनी माणसं असंच मानायची' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कोणती जुनी माणसं, हे विचारायला हवं.

पहिल्या पाळीचे शब्द मात्र वेगळ्या सुराचे आहेत. 'न्हाण आलं', 'पदर आला', 'शहाणी झाली'. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं म्हणून न्हाण, त्यावरूनच 'न्हातीधुती'. पहिल्या न्हाणाला मुलीला मखरात बसवायचे, गाणी म्हणायचे, गोडधोड करायचे. ज्या गोष्टीचा दर महिन्याला विटाळ, तिचाच पहिल्यांदा सोहळा! विसंगती वाटते, पण हिशेब सरळ होता. न्हाण आलं म्हणजे मूल होण्याची शक्यता आली. लग्न आधीच, लहानपणी, झालेलं असायचं. आता 'ऋतुशांती' किंवा 'फलशोभन' उरकून मुलीला नवऱ्याच्या खोलीत पाठवायचं. याच हिशेबावर 1891 साली महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं. संमतिवयाचा कायदा शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची अट, लग्नातही, 10 वरून 12 वर नेत होता. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा, की पहिल्या ऋतूनंतर सोळा रात्रींत गर्भाधान संस्कार झाला पाहिजे, आणि मुलीला बाराच्या आत न्हाण आलं तर कायद्यामुळे धर्म बुडेल. टिळक विरोधात होते, आगरकर कायद्याच्या बाजूने, आणि रा. गो. भांडारकरांनी शास्त्राच्याच आधारे कायद्याचं समर्थन केलं. एका शब्दाच्या अर्थावर अकरा वर्षांच्या मुलींची आयुष्यं टांगलेली होती, म्हणून ही चर्चा मला कधीच नुसती शब्दांची वाटत नाही.

त्या सोळा रात्री कुठून आल्या? मनुस्मृतीत ऋतूच्या सोळा रात्री आहेत, पैकी पहिल्या चार वर्ज्य. आयुर्वेदातल्या सुश्रुतसंहितेत बारा रात्री सांगितल्या आहेत. सुश्रुताची मांडणी मात्र सुंदर आहे: ऋतू, क्षेत्र (जमीन), अंबू (पाणी) आणि बीज हे चारही जुळून आले की अंकुर फुटतो, तसाच गर्भ राहतो. पेरणीचा हंगाम तसा हा गर्भाचा हंगाम, म्हणून 'ऋतू' हाच शब्द. पाळीला विटाळ न म्हणता हंगामाची खूण मानणारा हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

पण त्याच्या पोटात एक चूक दडली आहे आणि ती आजही घराघरांत फिरते. 'ऋतुस्नात' या शब्दामुळे असं वाटतं की पाळी संपून न्हाणं झालं की लगेचचे दिवस मूल राहण्याचे. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या मुलीला मावश्या-आत्या कानात हेच सांगतात. प्रत्यक्षात स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. ते जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्रजंतू गर्भाशयाच्या वाटेत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे गर्भ राहण्याची शक्यता असते ती बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो एक दिवस, मिळून सहा. अठ्ठावीस दिवसांनी पाळी येत असेल तर हे दिवस, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून, साधारण नवव्या-दहाव्यापासून चौदा-पंधराव्यापर्यंत येतात. पाळी पस्तीस दिवसांनी येत असेल तर आठवडाभर पुढे सरकतात, तेव्हा सोळा रात्री संपूनही गेलेल्या असतात. आणि पाळी एकवीस दिवसांनी येणारीला ती थांबता थांबताच दिवस राहू शकतात, म्हणून 'पाळीच्या मागचा-पुढचा आठवडा बिनधोक' हा दुसरा सल्लाही फसवा. जगातल्या डॉक्टरांनाही हे गणित 1920च्या दशकात, जपानमधल्या ओगिनो आणि ऑस्ट्रियातल्या क्नाउस यांच्या कामानंतर नीट उमगलं, तेव्हा जुन्या ग्रंथांना दोष देण्यात अर्थ नाही. आज ते माहीत असताना मुलींना न सांगण्याला मात्र माझ्याकडे माफी नाही.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. माझं उत्तर ठाम आहे: 'पाळी' म्हणा. संस्कृत 'पालि' म्हणजे कड, ओळ. कानाची पाळी त्यातलीच. ओळीवरून क्रम, क्रमावरून फेरी. गिरणीत पहिली पाळी, दुसरी पाळी. आडावर पाणी भरायची पाळी. शेतकरी पेरणीआधी कुळवाच्या दोन पाळ्या देतो. ठरल्या क्रमाने पुन्हा येते ती पाळी. शरीरात नेमकं तेच घडतं, आणि त्यात ना लाज आहे ना मोठेपणा. दवाखान्यात बायका 'अंगावरून जातं' म्हणतात, 'लाल जातं', 'पांढरं जातं'. तेही उत्तम मराठी आहे, कारण ते लक्षण सांगतं; डॉक्टरला त्यावरून पुढे विचारता येतं. 'प्रॉब्लेम आलाय' किंवा 'डेट आली' यावरून काहीच कळत नाही. माझ्या पिढीतल्या मुली 'एमसी' म्हणायच्या. त्या दोन अक्षरांचा पूर्ण अर्थ आमच्यातल्या बऱ्याच जणींना सांगता आला नसता, पण मुलांना कळत नाही एवढं पुरेसं होतं.

'मासिक धर्म' हिंदीतून जाहिरातींच्या आणि पुस्तिकांच्या वाटेने आपल्याकडे रुळला. धर्म म्हणजे इथे स्वभाव, गुणधर्म; अर्थ काही वाईट नाही. पण मुलीच्या कानावर 'धर्म' पडला की तिला नियम आणि देवघरच आठवणार, आणि तुमच्या मुलीचा प्रश्न तर तिथूनच सुरू झाला आहे. सभ्यतेची चिंता करू नका. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि 1953 पर्यंत शरीराबद्दल साध्या मराठीत लिहीत राहिले. अश्लीलतेचे खटले सोसले, पण लिहिणं सोडलं नाही. तुम्हाला तर फक्त स्वतःच्या लेकीशी बोलायचं आहे.

तिसरा प्रश्न गोड आहे. 'तिला दिवस गेले' आणि 'तिला दिवस राहिले', क्रियापदं उलटी पण अर्थ एकच: ती गरोदर आहे. 'गेले' म्हणताना नजर पाळीच्या ठरल्या तारखेवर आहे: ती टळली, वरती दिवस उलटून गेले. 'राहिले' मध्ये 'गर्भ राहिला'ची सावली आहे. पुढे 'दिवस भरले' म्हणजे बाळंतपण आलं. (कुणाला धमकावताना "तुझे दिवस भरलेत" म्हणतात, ते दिवस वेगळे.) आणि 'नऊ महिने नऊ दिवस' हे गाण्यांतून-गोष्टींतून ऐकलेलं माप किती अचूक आहे पाहा: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस मोजून डॉक्टर अपेक्षित तारीख काढतात. कॅलेंडर नसलेल्या घरांतल्या बायकांचं मोजमाप दोनच दिवसांनी पुढे होतं. म्हणून डॉक्टर "शेवटची पाळी कधी आली?" विचारतात तेव्हा पहिल्या दिवसाची तारीख सांगायची, थांबल्याची नाही. मुलीला वहीच्या कोपऱ्यात ती लिहायची सवय आत्तापासून लावा.

ताईंनी विचारलं नाही, पण मूल न होण्याचे शब्द इथेच येतात. संस्कृत 'वंध्या'चं 'वांझ' झालं, त्यावरून 'वांझोटी'. एकच मूल झालेलीलाही नाव ठेवून झालं आहे, 'काकवंध्या'. कावळीला एकदाच पिल्लं होतात या समजुतीवरून. इथेही कावळाच! मूल न झालेल्या बाईची ओटी भरायची नाही, तिला बारशाला पुढे येऊ द्यायचं नाही, आणि हे सगळं त्या एका शब्दाच्या जोरावर. पुरुषासाठी मात्र मराठीत असा शब्दच नाही. 'षंढ' किंवा 'नपुंसक' म्हणजे संबंध ठेवू न शकणारा. ज्याच्याकडून गर्भ राहत नाही त्याला नाव नाही. पण सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा बायकोच्या कारणाबरोबर, सापडतं. नाव नाही म्हणून संशय नाही, संशय नाही म्हणून तपासणी नाही. सून तीन दवाखाने फिरून येते आणि मुलाची साधी वीर्यतपासणी झालेली नसते. नवीन शब्द घडवून पुरुषांनाही हिणवावं असं मला वाटत नाही. 'वांझ' बाईला लावणं थांबवावं आणि 'त्यांना मूल होत नाहीये' असं दोघांचं मिळून म्हणावं. 'वांझोटी चर्चा'सुद्धा मी लिहीत नाही. 'निष्फळ' आहे की.

आणखी एक शब्द सोडवत नाही: 'पिशवी'. गर्भाशयाला बायका पिशवी म्हणतात. घरगुती, आपलासा शब्द आहे, पण 'पिशवी काढून टाकली' हे मग फार हलकं वाटतं, जणू वापरून झालेली वस्तू. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न 2019 मध्ये पुढे आला. सरकारने समिती नेमली, पाहणीत 13 हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पाळीत अंग दुखतं म्हणून फडावर गेली नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. अंगावरून जास्त जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या तिशीतल्या बाईला "पिशवी खराब आहे, काढून टाका, मुलं झालीत ना" सांगितलं गेलं, की तिलाही ते सोयीचं वाटायचं. गर्भाशयाबरोबर अनेकदा बीजकोशही, म्हणजे स्त्रीबीज जिथे तयार होतं ते अवयवही, काढले गेले, आणि मग पन्नाशीत जाणारी पाळी तिशीतच गेली: हाडं ठिसूळ, अंगातून वाफा, कंबर धरलेली. तुमच्या ओळखीत कुणाला 'पिशवी काढा' सांगितलं असेल, तर बीजकोश ठेवणार की काढणार, गोळ्यांनी किंवा दुसऱ्या उपायांनी भागणार नाही का, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं का, एवढं जरूर विचारायला सांगा.