साथीच्या दिवसांत अर्धांगवायूचा रुग्ण दगावतो कशाने?

प्रश्न (देवगड): २०२१च्या मे महिन्यात वडिलांच्या अंगावरून वारं गेलं. वय ७१, मधुमेह जुना. दाखल केल्यावर कोरोनाची लागणही निघाली. पहिले तीन दिवस ते डाव्या हाताने खुणा करत होते, आठव्या दिवशी गेले. कागदावर कारण न्यूमोनिया लिहिलं आहे. ते नेमके कशाने गेले? आणि आम्हाला आणखी काही करता आलं असतं का?

उत्तर: केसपेपर न पाहता त्यांच्याबद्दल निवाडा देता येणार नाही. मात्र आठव्या दिवशीचा न्यूमोनिया या आजारात डॉक्टरांच्या फार ओळखीचा आहे, आणि तो अर्धांगवायूपासून वेगळा काढता येत नाही. रुग्ण कितव्या दिवशी गेला यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. पहिल्या एक-दोन दिवसांतला मृत्यू बहुधा मेंदूतल्या मोठ्या रक्तस्रावाचा असतो. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात मेंदूला सूज चढते आणि कवटीत तिला जागा पुरत नाही. तिथून पुढे मात्र मेंदूपेक्षा फुफ्फुसं आणि पडून राहणं जास्त घात करतात. न्यूमोनिया, पायातल्या शिरेत धरलेली आणि सुटून फुफ्फुसात गेलेली गुठळी, लघवीच्या नळीतून शिरलेला जंतुसंसर्ग अशी ती कारणं.

धोका वाढवणाऱ्या काही गोष्टी दाखल होतानाच ठरलेल्या असतात. सर्वांत वजनदार गोष्ट अर्धांगवायूच्या झटक्याची तीव्रता. ती एनआयएचएसएस या ० ते ४२ गुणांच्या तपासणीने मोजतात, आणि २०च्या पुढचे गुण म्हणजे गंभीर झटका. त्यानंतर वय, येताना शुद्ध हरपलेली असणं, वाहिनी बंद करणाऱ्या गुठळीऐवजी मेंदूत रक्तस्राव असणं, हृदयाचे ठोके अनियमित पडणं, मूत्रपिंडाचा जुना आजार, आणि झटक्याआधीच रुग्ण दुसऱ्यावर अवलंबून असणं.

कोरोनाने यात भर कशी घातली? संसर्गाने रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि रक्त गोठण्याकडे झुकतं, त्यामुळे मोठ्या वाहिन्या बंद होण्याचं प्रमाण वाढलं. झटक्यात मेंदूचा एक भाग मरतो, पण त्याच्या कडेचा भाग अर्धमेला होऊन ऑक्सिजनच्या आधारावर तगून असतो. फुफ्फुसं निकामी होऊन ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली राहिला की तो कडेचा भागही हातचा जातो. ताप चढला की त्याची भूक आणखी वाढते. शिवाय ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोना रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यावं लागायचं, ते योग्यच होतं. पण मधुमेह्याची साखर त्याने उसळते. साखर १४० ते १८०च्या दरम्यान ठेवायची तर सुरुवातीला दर चार ते सहा तासांनी बोटाची तपासणी हवी. त्या वॉर्डात प्रत्येक फेरीला किट चढवून आत जाणाऱ्या नर्सला हे किती जड जात असेल, याचा विचार करा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आपल्याकडच्या वॉर्डात कूस बदलणं, तोंड पुसणं, श्वास वेगळा वाटला की सिस्टरला हाक मारणं हे नातेवाईक करतात. कोरोना वॉर्डात त्यांना प्रवेश नव्हता, आणि तो न देण्यामागे कारणही खरं होतं. ते हात गेले आणि त्यांच्या जागी दुसरे आले नाहीत. घरच्यांनी कमी केलं म्हणून हे झालं, असं मनात धरून बसू नका.

प्रश्न (मालवण): आईला झटका येऊन चार दिवस झाले. शुद्धीवर आहे, बोलते, पण नाकातून नळी घातली आहे. सारखी पेज मागते. दोन चमचे पेज दिली तर काय बिघडतं, असं सगळे म्हणतात.

उत्तर: गिळण्याची तपासणी होईपर्यंत एक चमचाही देऊ नका. हे इतकं ठामपणे सांगतो, कारण या आजारात टाळता येण्याजोगे जे मृत्यू आहेत त्यांतले पुष्कळ इथून सुरू होतात.

बोलता येणं आणि गिळता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यानंतर घशाचे स्नायू उशिरा हलतात, श्वासनलिकेवरचं झाकण वेळेवर बंद होत नाही, आणि घास फुफ्फुसात उतरतो. ठसका लागला तर निदान कळतं. पुष्कळ रुग्णांना ठसकाच लागत नाही. दोन-तीन दिवसांनी ताप येतो, धाप लागते, तेव्हा उलगडा होतो. आणि इथेच पेजेची गोम आहे. पातळ पदार्थ सर्वांत धोक्याचे. पाणी, पेजेची निवळ, नारळपाणी, सोलकढी हे सगळं आजाऱ्याला हलकं म्हणून आपण आधी देतो, पण ते वेगाने घशात जातं आणि कमजोर स्नायूंना आवरत नाही. घोटलेला मऊ भात त्यामानाने बरा, पण तोही तपासणी झाल्यावरच.

तपासणी सोपी आहे. ती प्रशिक्षित नर्स किंवा थेरपिस्टने करायची. रुग्ण पूर्ण जागा हवा, पाठ टेकून ताठ बसवलेला. आधी एक चमचा पाणी, असं तीनदा. प्रत्येक घोटानंतर नाव सांगायला लावायचं. आवाज ओला, घरघरता झाला, ठसका लागला, ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळलं किंवा बोटावरच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या मशीनचा आकडा घसरला की थांबायचं. तीनही चमचे नीट गेले तर साधारण ५० मिली पाणी पेल्याने. तेही जमलं तर पुढे मऊ आहार. नाही जमलं तर नळी, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासणी. साथीच्या काळात खोकल्यातून विषाणू उडतो म्हणून ही तपासणी बऱ्याच ठिकाणी पुढे ढकलली जायची. आता तसं कारण नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘गिळण्याची तपासणी झाली का, आणि कधी?’

नळीतून देतानाही चुका होतात. खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश वर हवं, आणि खाणं झाल्यावर किमान अर्धा तास तसंच. एका वेळी २०० ते २५० मिली, पिचकारी दाबून नव्हे तर उंच धरून आपोआप उतरेल असं. नळीवर नाकापाशी पेनाने खूण करा. खूण पुढे सरकलेली दिसली तर नळी बाहेर आली आहे, सिस्टरला दाखवल्याशिवाय काही घालू नका. आणि तोंडाने खात नाही म्हणून तोंड अस्वच्छ ठेवू नका. लाळ फुफ्फुसात जातच असते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा दात, जीभ, गालांची आतली बाजू पुसा आणि रात्री कवळी काढून ठेवा. दर दोन तासांनी कूस बदला. पायांतल्या गुठळीसाठी हवा भरणारे पायपट्टे मिळत असतील तर मागा; नुसते घट्ट मोजे या रुग्णांत उपयोगी ठरलेले नाहीत, उलट कातडी सोलवटते.

प्रश्न (राजापूर): आमच्या भागातून सीटी स्कॅनपर्यंत पोचायला दोन तास लागतात. झटका आला तर आधी जवळच्या डॉक्टरकडे, की थेट शहरात?

उत्तर: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव नाही हे सीटीत दिसल्याशिवाय ते देता येत नाही. म्हणून सीटी चालू असलेलं, इंजेक्शन देणारं सर्वांत जवळचं ठिकाण गाठायचं. रुग्णालय मोठं आहे की लहान हा पुढचा प्रश्न. १०८ ला फोन करा आणि निघतानाच तिथेही फोन करून विचारा: मशीन चालू आहे का, या वेळी तंत्रज्ञ आहे का, इंजेक्शन आहे का? टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन एकाच फटक्यात देता येतं, तासभराची सलाइन लावावी लागत नाही. त्यामुळे ते देऊन, गुठळी तारेने काढण्यासाठी रुग्ण मोठ्या केंद्राकडे हलवता येतो. ती प्रक्रिया सहा तासांत, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत होते.

घड्याळ कुठून मोजायचं, यात गोंधळ होतो. सकाळी उठताना हात लुळा दिसला तर उठण्याची वेळ धरायची नाही. रात्री ज्या वेळी शेवटचं ठीक पाहिलं ती वेळ डॉक्टरांना सांगायची. निघताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, रक्त पातळ करणारी तर विसरूच नका. ॲस्पिरिन देऊ नका, कारण रक्तस्राव आहे की गुठळी हे घरी कळत नाही. दाब चढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूचा अर्धमेला, अजून तगून असलेला भाग वाचत नाही. कबुतराचं रक्त चोळण्यात आणि तेल जिरवण्यात तास घालवले जातात, आणि ते तास परत मिळत नाहीत.

पुन्हा साथ आली तरी तोंड वाकडं झालेलं दिसताच निघा. २०२० मध्ये लागण होईल या भीतीने कितीतरी लोक घरी थांबले आणि उशिरा आले. कोरोनाच्या चाचणीचा निकाल येईपर्यंत सीटी थांबवायची गरज नसते.

प्रश्न (सावंतवाडी): कोरोनाच्या लशीने मेंदूत गुठळी होते, हे खरं का?

उत्तर: कोविशील्डच्या प्रकारातल्या लशीनंतर पहिल्या काही आठवड्यांत प्लेटलेट कमी होऊन गुठळी होण्याचे प्रकार नोंदले गेले, पण ते अत्यंत विरळ. कोरोनाच्या संसर्गाने होणाऱ्या गुठळ्यांचं प्रमाण त्याहून कितीतरी जास्त होतं. वर्षांपूर्वी घेतलेल्या डोसची आज धास्ती धरू नका.

प्रश्न (श्रीवर्धन): निसर्ग वादळानंतर आमच्याकडे रस्ते आणि वीज बंद होती, त्यात लॉकडाऊन. वडिलांच्या दाबाच्या गोळ्या संपल्या, इन्सुलिन गरम झालं. पुढे काय काळजी घ्यावी?

उत्तर: ३ जून २०२० च्या त्या वादळाने तुमच्या पट्ट्यात साथीवर संकट चढवलं. दाबाची गोळी अचानक सुटली की दाब उसळतो. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी सुटली तर गुठळीचा धोका काही दिवसांतच परत येतो. म्हणून मे अखेरीस महिनाभराचा साठा जास्तीचा घ्या आणि चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. उघडलेली इन्सुलिनची बाटली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकते, मात्र ३० अंशांच्या आत. वीज गेली तर मातीच्या मडक्यात तळाशी पाणी, त्यावर बुडणार नाही अशी वाटी, वाटीत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली बाटली, आणि मडक्याला बाहेरून ओलं फडकं. मडकं सावलीत, वारा लागेल असं ठेवा. एरवी निवळ दिसणारं इन्सुलिन गढूळ किंवा गुठळ्या धरलेलं दिसलं तर ते वापरू नका.