वाफ द्यावी, इस्त्री टेकवू नये

प्रश्न : नातवासाठी दोन सुयांवर स्वेटर विणला आहे. पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या तयार आहेत. परंतु सुलट विणीच्या कडा सारख्या आत वळत असल्याने भाग शिवताना ओळींचा मेळ बसत नाही. शेजारच्या काकू इस्त्री फिरवायला सांगतात, तर बहीण म्हणते की लोकरीला इस्त्री लावूच नये. सोबत विणलेल्या क्रोशाच्या रुमालाचे कोपरेही वर उचलले जातात. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कडा वळतात यात आपल्या हाताचा काहीही दोष नाही. सुलट विणीत सगळे फास एकाच बाजूला ओढलेले असतात, त्यामुळे कापडाच्या दोन बाजूंचा ताण सारखा राहत नाही आणि ते मोकळे सोडले की वळते. त्यावर वाफ हा चांगला उपाय आहे. इस्त्रीचा तवा मात्र विणीला टेकता कामा नये.

वाफ देण्यापूर्वी आपली लोकर खरोखर लोकर आहे का, हे पाहावे, कारण आपल्या दुकानांत ‘लोकर’ म्हणून मिळणारे पुष्कळसे गुंडे ऍक्रिलिकचे असतात. गुंड्यावरची पट्टी हरवली असेल, तर बोटभर धागा चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. ऍक्रिलिक वितळून त्याची टणक काळी गोळी होते. ही गोळी थंड झाल्याशिवाय तिला हात लावू नये.

हा फरक महत्त्वाचा आहे. लोकर म्हणजे मेंढीचा केस. ओलावा आणि उष्णता मिळाली की त्यातील काही बंध सैल होतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी वाळल्यावर सोडली तर केस नागमोडी राहतात, तसेच हे. म्हणून लोकरीचा स्वेटर धुतल्यावर त्याला पुन्हा आकार द्यावा लागतो. ऍक्रिलिकला वाफेने आलेला आकार मात्र कायमचा असतो, आणि बिघाडही कायमचाच. माझ्या पहिल्या ऍक्रिलिक स्वेटरच्या बाहीवर मी इस्त्री क्षणभर टेकवली होती. तेवढ्याने एक सुलट एक उलट अशी घट्ट बॉर्डर लोंबू लागली आणि कितीही धुतली तरी पुन्हा आवळली नाही. त्याचे मला आजही वाईट वाटते.

आता कृती. टेबलावर जाड चादरीची चौपदरी घडी घालून वर पांढरे सुती कापड पसरावे; रंगीत चादर थेट वापरू नये, कारण वाफेने तिचा रंग उतरू शकतो. भाग उलट बाजू वर करून ठेवावा आणि टेपने मोजत हव्या त्या रुंदी-लांबीला आणावा. न गंजणाऱ्या टाचण्या आधी चारही बाजूंच्या मध्यावर, मग कोपऱ्यांना आणि शेवटी मधल्या जागेत टोचाव्यात. कड दोन टाचण्यांच्या मध्ये कमानीसारखी आत जात असेल, तर तिथे आणखी एक टाचणी हवी. मग वाफेची इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून सावकाश पुढे न्यावी. ऍक्रिलिकवर ती जरा उंचच धरावी आणि एका जागी थांबवू नये. वीण ओलसर, मऊ झाली की हाताने अलगद थापटून ओळी सरळ कराव्यात. हात लावताना वाफ बंद असावी. त्यानंतर भाग पूर्ण थंड होऊन वाळेपर्यंत टाचण्या काढू नयेत. बहुतेकांची घाई इथेच नडते. बॉर्डरला आणि उठावाच्या वेणीला, म्हणजे टाके एकमेकांवरून नेऊन विणलेल्या पिळाच्या नक्षीला, वाफ देऊ नये, त्यांचा जीवच त्या उठावात असतो.

हे सारे प्रथम आपण विणलेल्या नमुन्याच्या चौकोनावर करून पाहावे. नमुना ठेवला नसेल, तर उरलेल्या धाग्याचा दहा सेंटिमीटरचा नवा चौकोन विणावा; नातवाच्या स्वेटरसाठी तेवढा वेळ द्यावाच.

क्रोशाचा रुमाल सुती धाग्याचा असेल, तर वाफेपेक्षा पाण्याने अधिक चांगला बसतो. तो भिजवून, टॉवेलात दाबून पाणी काढावे, पातळ खळीत बुडवावा आणि समोरासमोरचे कोपरे जोडीने ताणून टाचावेत. खांबांच्या, म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्यांच्या, जाळीतील प्रत्येक टोकाला स्वतंत्र टाचणी लावली, तर वाळल्यावर नक्षी उठून दिसते आणि कोपरेही टेबलाला चिकटून बसतात.